टेबल क्रमांक अकरा

बाट्सफ्योर्डला नोव्हेंबर सरता सरता
सूर्य हजेरी लावायचं बंद करतो.
मासळीच्या कारखान्यावरच्या माझ्या खोलीत
दिवस मग स्क्रीनमधूनच उगवतो.

टोरलाइफ म्हणाला होता,
"टार्गेटची रेघ टाक, सोल्फ्रिड. लाल. जाड.
मागच्या खुर्चीवरूनही दिसली पाहिजे."
टाकली.
वर्षाला सहा हजार टन. काळ्या दगडावरची रेघ.
पाच वर्षांचे पाच खांब,
तिघांनी तिच्यावर डोकं काढलेलं, दोघं जरा खाली.
सभेनं माना डोलावल्या. कॉफी संपली.

मग कुणीतरी सहज एका खांबावर क्लिक केलं.
वर्ष उघडलं, आतून बारा महिने निघाले,
आणि रेघ होती तिथंच, सहा हजारांवर.
खाली बारा बुटके खांब,
ओहोटीनं उघडे पडलेले धक्क्याचे खुंट जसे.
महिन्यातून आठवडा. आठवड्यातून वार.
एकेका क्लिकसरशी आम्ही बारीक होत गेलो
आणि रेघ आभाळाला टेकली.
"म्हणजे सगळेच नापास?"
संचालकबाईंनी विचारलं. कुणी हसलं नाही.

चूक माझीच.
आपण जिना उतरतोय
हे मी रेघेला सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री बसले (रात्रच होती, तिन्ही त्रिकाळ).
सोपं आधी केलं: भागिले बारा.
पाचशे, पाचशे, पाचशे. सब घोडे बारा टक्के.
ऑगस्ट शरमेनं लाल, एप्रिल फुशारकीनं हिरवा.
पण एप्रिलात कॉड
कॅपेलिनच्या मागे लागून आपणहून किनाऱ्याला येतो,
त्यात आमची कर्तबगारी ती कसली?
आणि ऑगस्टात समुद्रच रिकाम्या हातानं येतो,
त्याला कुठल्या तोंडानं रागवायचं?

सात वर्षांचे महिने उपसले.
ज्याच्या त्याच्या तोंडाएवढा घास मोजला.
पहाटे चारला
(पहाट म्हणजे घड्याळात)
रेघ पहिल्यांदा हलली.
वसंतात चढली, उन्हाळ्यात उतरली,
क्लिक केलं की जिन्यावरून पायात पायात येणाऱ्या
मांजरासारखी माझ्यामागं खाली.
खरं सांगते, मला तिचा लळा लागला.
उगाचच वर-खाली करत राहिले.

शेवटच्या पायरीवर माणसं होती.
टेबल अकरा, शिवनेसन.
जाफन्याहून आले तेव्हा मी शाळेतसुद्धा नव्हते;
आता त्यांचं नॉर्वेजियन माझ्या आजोबांसारखं, खारट.
त्यांची रेघ दिवसाला एकशे नव्वद किलो.
आणि दर गुरुवारी खांब निम्मा.
दर गुरुवारी. वर्षभर. न चुकता.

बूट चढवले, केसांवर जाळी घातली, खाली गेले.
गुरुवारच होता.
ते कोपऱ्यात स्टुलावर बसले होते,
शेजारी सोळा टेबलांच्या सोळा सुऱ्या.
"मशीन लावतं धार," म्हणाले, "पण तिला दया नाही,
पातं खाते."
काळा दगड ओला केला,
पातं ओढलं, एक करडी रेघ उमटली,
अंगठ्यानं पुसली. पुन्हा ओढलं.
"झालं?" मी विचारलं.
"दगडाला विचार."

वर येऊन शुक्रवार उघडला.
पंधरा खांब, सगळे आपापल्या रेघेच्या बोटभर वर.
दाइवाचा, ओडमुंडचा, त्या नव्या पोरीचाही,
जिला अजून काटा नीट काढता येत नाही.
गुरुवारचं हरवलेलं तिथं होतं,
दुसऱ्यांच्या नावावर जमा.

याचा फॉर्म्युला मला येईना.
दोन तास झटले. मग एवढंच लिहिलं:
पायरी शेवटची असेल तर
रेघ काढू नकोस.

टोरलाइफला अजून सांगितलेलं नाही.
तो महिन्यांपर्यंत येतो, फार तर आठवड्यापर्यंत.
इतक्या खाली
तो अजून उतरलेला नाही.